किमची जरूर खा, पण झिंग्यांची चटणी लपवू नका

पुण्यात शिकणारी माझी भाची उन्हाळ्याच्या सुटीत आलापल्लीला आली, तेव्हा तिच्या बॅगेत एक काचेची बरणी होती. बरणीत तिने स्वतः केलेली किमची. तिच्या आजीने, म्हणजे माझ्या आईने, झाकण उघडले, वास घेतला आणि म्हणाली, "अवो माय, हे तं सडलेली पत्ताकोबी होय!"

भाची हसली. "आजी, सडली नाही, आंबवली आहे. पुण्यात हिच्यासाठी लोक हॉटेलात पैसे मोजतात."

मी सहज विचारले, "मागच्या खेपेला आजीनं झिंग्यांची चटणी बांधून दिली होती, ती मैत्रिणींना आवडली का?" पोरगी गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "मामा, ती मी डब्यातून बाहेर काढलीच नाही. घरमालकीण वासावरून बोलते. उगाच खोली जायची."

आता गंमत बघा. किमचीच्या मसाल्यात मासळी असते. कोरियात त्यात मिठात मुरवलेली बारीक कोळंबी घालतात. भाचीने पुण्यातल्या दुकानातून आणलेले माशाचे सॉस घातले होते. म्हणजे त्याच खोलीत, त्याच घरमालकिणीच्या फ्रिजमध्ये मासळी घातलेली किमची महिनाभर सुखाने राहिली. आजीच्या झिंग्यांची चटणी मात्र तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून पेटीच्या तळाशी पडली आणि शेवटी कचऱ्यात गेली. दोन्हींत मीठ, मिरची, लसूण आणि मासळी. मग फरक कशाचा?

फरक वासाचा नाही. हे खाणे कोणाचे समजले जाते, याचा आहे. आणि आजचा लेख यावरच आहे.

कोरियन लाट आता शहरापुरती राहिलेली नाही. आलापल्लीच्या चौकातून एक रस्ता सिरोंचाकडे जातो, एक एटापल्लीकडे, एक भामरागडकडे. या रस्त्यांवरच्या गावांतली पोरे मोबाईलवर कोरियन मालिका बघतात, गाणी पाठ करतात. तिखटजाळ कोरियन नूडल्सची पाकिटे तालुक्याच्या किराणा दुकानांत पोहोचली आहेत. पोलीस भरतीसाठी, स्पर्धा परीक्षांसाठी, कंपनीतल्या नोकरीसाठी पुण्या-नागपूरला गेलेली मुले पहिल्या पगारात मित्रांबरोबर कोरियन हॉटेलात जातात आणि फोटो टाकतात. यात वाईट काहीच नाही. आपल्या आजोबांना गावच्या हॉटेलात कप वेगळा होता. त्यांची नात आज लोखंडी तव्यावर स्वतःच्या हाताने डुकराचे मांस भाजून, लेट्यूसच्या पानात गुंडाळून खाते. मला त्याचा आनंदच आहे. "आपली संस्कृती बुडाली" म्हणून गळा काढणाऱ्यांत मी नाही. ज्यांच्या संस्कृतीत आपल्याला पंगतीबाहेर बसवत, त्यांनी तो गळा काढावा.

माझा प्रश्न वेगळा आहे. कोरियन लोक जे खातात, त्यातले बरेचसे आपण पिढ्यान्‌पिढ्या खात आलो. तिकडे सुन्दे म्हणून पदार्थ आहे. डुकराचे आतडे धुऊन त्यात रक्त आणि शेवया भरतात आणि वाफवतात. मालिकांमधल्या नायिका रस्त्यावरच्या गाडीवर तो आवडीने खातात. गोठवलेल्या रक्ताचे तुकडे घातलेले सूप सकाळी उतारा म्हणून पितात. आतडी भाजून देणारी खास हॉटेले आहेत. रेशमाच्या कोशातल्या अळ्या उकडून कागदी पेल्यात विकतात. आता आपल्या घरात या. रक्ती, वजडी, मुंडी, खूर, वाळवलेल्या मांसाच्या चान्या, सुकट, झिंगे. आणि आपल्या शेजारच्या माडिया घरात या. लाल मुंग्यांची चटणी, पावसाळ्यातले वास्ते. यातला एकेक शब्द वर्गात, ऑफिसात, भाड्याच्या खोलीत मोठ्याने उच्चारून बघा. "सुन्दे" म्हणताना जीभ अडखळत नाही, "रक्ती" म्हणताना अडखळते. ही जीभ कोणी बांधली?

काहीजण म्हणतील, कोरियन पदार्थ नीट मांडलेले असतात, स्वच्छ असतात, म्हणून चालतात. हे खरे नाही. कोरियन माणसालाही वासावरून हिणवले गेले आहे. जपानने कोरियावर 1910 ते 1945 राज्य केले. त्या काळात आणि नंतरही जपानमध्ये राबणाऱ्या कोरियन मजुरांना लसणाच्या वासावरून टोमणे मारले जात. आज त्याच टोकियोत शिन-ओकुबो भागातल्या कोरियन हॉटेलांसमोर जपानी तरुण रांगा लावतात. लसूण तोच आहे. मधल्या काळात कोरिया स्वतंत्र झाला, कारखानदार झाला, त्याच्या गाड्या, टीव्ही, मोबाईल जगभर गेले. 2009 पासून तिथल्या सरकारने आपल्या जेवणाचा जगभर प्रचार केला. 2013 मध्ये किमची बनवून वाटण्याच्या त्यांच्या सामुदायिक प्रथेची युनेस्कोच्या वारसा यादीत नोंद झाली. माणसाची पत वाढली, तसा त्याच्या ताटाचा वास सुगंध झाला.

उलटे उदाहरण आपल्याच देशातले. नागालँडचे लोक सोयाबीन आंबवून अखुनी करतात, कोरियन लोक सोयाबीन आंबवून द्वेनजांग करतात. दोन्हींना उग्र वास. द्वेनजांगचे सूप मोठ्या शहरांत महागड्या वाडग्यातून येते. अखुनीचे काय झाले? 2007 मध्ये दिल्ली पोलिसांनी ईशान्येकडच्या विद्यार्थ्यांसाठी एक पुस्तिका काढली होती. वास येणारे पदार्थ शिजवताना शेजाऱ्यांना त्रास होऊ देऊ नका, असे तीत बजावले होते. त्यात अखुनीबरोबर बांबूच्या कोंबांचेही नाव होते. बांबूचे कोंब, म्हणजे आपले वास्ते! एटापल्ली-भामरागडच्या पोरांनी हे लक्षात ठेवावे. दिल्लीच्या पोलिसाला जो पदार्थ उपद्रव वाटला, तो कोरियाच्या दामयांग गावात पर्यटकांना अभिमानाने वाढला जातो.

लांब कशाला जा? 2023 मध्ये मुंबईच्या आयआयटीत वसतिगृहाच्या भोजनगृहात 'फक्त शाकाहारींसाठी' जागा राखण्यावरून वाद पेटला आणि विरोध करणाऱ्या विद्यार्थ्याला 10,000 रुपयांचा दंड झाला. देशातल्या सर्वांत हुशार म्हणवणाऱ्या पोरांच्या संस्थेत ही गत, तर गल्लीतल्या घरमालकिणीचे काय सांगावे? 'व्हेज ओन्ली' ही पाटी अन्नाची आवड सांगत नाही. ती जात न विचारता जात विचारते.

आता कोरियाच्याच एका पदार्थाची कथा सांगतो, कारण ती आपल्याला फार जवळची आहे. पदार्थाचे नाव बुदे-जिगे. अर्थ साधारण 'लष्करी छावणीचा रस्सा'. 1950 ते 1953 च्या युद्धात कोरिया उद्ध्वस्त झाला. भुकेले लोक अमेरिकन सैन्याच्या तळांबाहेर उभे राहत. तळावरचे उरलेसुरले सॉसेज, डब्यातले मांस मिळवून, त्यात किमची आणि मिरची घालून उकळत. सैनिकांच्या उष्ट्याचीही खिचडी लोकांनी खाल्ली. आज उइजोंगबू शहरात या रश्श्याच्या हॉटेलांची आख्खी गल्ली आहे. लोक कुटुंबाला घेऊन जातात आणि मुलांना सांगतात, आम्ही एकेकाळी असे दिवस काढले.

उष्ट्यावर जगण्याची वेळ आपल्यावरही आली होती. बलुत्याच्या नावाखाली दारोदार भाकर मागणे, लग्नातल्या पत्रावळी, मेलेले ढोर. मग कोरियन माणूस त्या आठवणीवर पाटी लावतो आणि आपण ती आठवण दडपतो, असे का? मला याचे उत्तर असे वाटते. कोरियात ती भूक आख्ख्या देशाच्या वाट्याला आली, म्हणून ती राष्ट्राची कहाणी झाली. आपल्याकडे ती ठरावीक जातींच्या वाट्याला वाटून दिली गेली, म्हणून ती जातीची खूण झाली. ज्यांनी उष्टे टाकले, ते शरमले नाहीत. ज्यांना ते खावे लागले, ते शरमत राहिले.

म्हणूनच बाबासाहेबांनी 1927 च्या मार्चमध्ये महाडला आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे अन्न सोडायला सांगितले. काही अर्धवट लोक आज म्हणतात, "बाबासाहेबांनीच सोडायला लावले, मग आता रक्ती-चान्यांचा अभिमान कशाला?" अरे, त्यांनी काय सोडायला लावले ते नीट वाचा. गुलामी म्हणून अंगावर टाकलेले अन्न नाकारा, हा त्याचा अर्थ. सवर्णांच्या ताटाची नक्कल करा, हा नव्हे. 1948 च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनीच मांडले की अस्पृश्यतेच्या मुळाशी गोमांसाचा आणि बौद्ध असण्याचा संबंध आहे. गोमांसाला पुढे पाप ठरवून माणसे बाहेर टाकली गेली. ज्या विद्वानाने खाण्यामागचे राजकारण इतक्या खोलवर उकरले, त्याच्या नावाने आपण खाण्याची लाज बाळगावी?

तेव्हा अभिमानाच्या भरात इतिहास गोड करू नका. रक्ती ही काही 'पारंपरिक पाककला' म्हणून जन्माला आली नाही. चांगले मांस दुसऱ्याच्या घरी जात होते आणि आपल्या आयाबायांनी उरलेल्यातून चव काढली. यातली मजबुरीही खरी आणि कसबही खरे. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे 2015 चे पुस्तक ज्यांनी वाचले नसेल त्यांनी वाचावे. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकघरात तेल, तूप, दूध का नव्हते, हे पाककृतीच्या आधी समजून घ्यावे लागते.

आता कोरियाची दुसरी बाजू. कोरियन हॉटेलात बसून मांस भाजणाऱ्या आपल्या प्रत्येक पोराला हा भाग माहीत असायलाच हवा. ते मांस कापणाऱ्या माणसांना जुन्या कोरियात बेकजोंग म्हणत. खाटीककाम, कातडी कमावणे, टोपल्या विणणे ही त्यांची कामे. ती जन्माने ठरत. वस्ती गावाबाहेर. रेशीम घालायचे नाही, घरावर कौले घालायची नाहीत, प्रतिष्ठितांची उंच टोपी घालायची नाही, दुसऱ्याच्या लहान पोरालाही वाकून बोलायचे. ओळखीचे वाटते ना? 1894 च्या सुधारणांत कायद्याने ही उतरंड मोडली. पण सरकारी नोंदीत त्यांच्या नावापुढे खूण राहिली आणि शाळेत त्यांची मुले नाकारली जात.

1923 च्या एप्रिलमध्ये दक्षिणेकडच्या जिंजू शहरात त्यांनी संघटना उभी केली. तिचे नाव ह्योंगप्योंगसा. 'ह्योंग' म्हणजे तराजू, 'प्योंग' म्हणजे समतल. रोज मांस तोलणाऱ्या माणसांनी आपल्या धंद्याचा तराजू उचलला आणि म्हटले, आता समाजही या काट्यावर सरळ करा. जांग जी-पिल हा जन्माने बेकजोंग असलेला शिकलेला तरुण आणि कांग सांग-हो हा उच्चकुलीन माणूस, दोघेही त्यात होते. विरोध लगेच झाला. जिंजूच्या लोकांनी त्यांच्याकडचे गोमांस विकत घ्यायचे नाही, असा बहिष्कार घातला. 1925 च्या ऑगस्टमध्ये येचॉन गावात जमावाने त्यांच्या शाखेवर हल्ला केला. हल्लेखोरांत सरदार-सावकारच नव्हते, स्वतः गरीब असलेले शेतकरी आणि मजूरही होते. महाडला 1927 मध्ये चवदार तळ्याचे पाणी प्यालेल्या आपल्या माणसांची डोकी कोणी फोडली, ते आठवा. समुद्रापलीकडे दोन वर्षे आधी तेच घडले होते. जपानमधल्या बुराकू लोकांच्या 1922 मध्ये स्थापन झालेल्या सुइहेइशा या संघटनेशी त्यांचा संपर्क होता. मुंबईत रावबहादूर बोले यांचा पाणवठे खुले करण्याचा ठराव ऑगस्ट 1923 चा आणि बाबासाहेबांची बहिष्कृत हितकारिणी सभा 1924 ची. त्याच दोन-तीन वर्षांत आशियाच्या तीन कोपऱ्यांत बाहेर टाकलेली माणसे उठून उभी राहत होती.

याच जिंजू शहराची बिबिम्बाप कोरियात प्रसिद्ध आहे. भातावर भाज्या आणि वर कच्च्या गोमांसाच्या बारीक चिरलेल्या फिती. शहराला त्या पदार्थाचा अभिमान आहे. त्या फिती कापणाऱ्यांना मात्र माणूस म्हणून उभे राहायला संघटना काढावी लागली आणि मार खावा लागला. मांस हवे, कापणारा नको, ही वृत्ती फक्त आपल्याकडची नाही. आणि आज 'बेकजोंग' हे नाव कोरियातल्या मांस भाजून देणाऱ्या एका मोठ्या हॉटेल साखळीच्या पाटीवर झळकते. शिवीचा ब्रँड झाला. नफा कोणाचा झाला, हा प्रश्न मात्र उरतोच.

यातून माझा मुद्दा पक्का होतो. पदार्थाला प्रतिष्ठा मिळाली म्हणजे माणसाला मिळाली, असे आपोआप होत नाही. ओडिशातल्या सिमिलीपालच्या लाल मुंग्यांच्या चटणीला जानेवारी 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. चांगले झाले. पण ज्या जंगलात त्या मुंग्या आहेत, त्यावर ग्रामसभेचा हक्क राहिला नाही तर मानांकनाचा कागद चाटायचा का? आपल्याकडे सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक आलापल्लीवरून धावताना रोज दिसतात. जंगल गेले की वास्तेही गेले आणि चटणीही गेली. मग ती फक्त शहरातल्या हॉटेलात 'ट्रायबल फूड' म्हणून मिळेल, शेकडो रुपयांना.

बौद्ध म्हणून एक अवघड गोष्टही बोलली पाहिजे. कोरियात बौद्ध मठांचे जेवण प्रसिद्ध आहे. मांस नाही, कांदा-लसूण नाही. जोंग क्वान या भिक्षुणीच्या स्वयंपाकावर 2017 मध्ये नेटफ्लिक्सच्या मालिकेत एक भाग आला आणि ती जगभर पोहोचली. आपल्यातले काही उत्साही लगेच म्हणतात, "बघा, खरा बौद्ध शाकाहारीच असतो." भिक्षूने स्वतःसाठी घेतलेल्या नियमाबद्दल मला आदर आहे. पण त्याच कोरियात प्राणी मारणे हे पाप मानले गेले आणि ते काम करणारा माणूस नीच ठरला, यात त्या शिकवणुकीचाही वाटा होता, असे इतिहासकार सांगतात. अहिंसेच्या नावानेही माणसावर हिंसा होते. म्हणून तर बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला. आणि तथागतांचे शेवटचे भोजन आठवा. चुंद नावाच्या लोहाराने वाढलेले 'सूकरमद्दव'. ते डुकराचे मांस होते की अळंबी, यावर पंडित भांडत बसोत. बुद्धाने शेवटच्या आजारातही काळजी घेतली ती याची, की त्या जेवणाचा दोष कोणी चुंदाला देऊ नये. आपल्याला तेवढे पुरे आहे.

आता आरसा आपल्याकडे वळवू. आलापल्लीत, अहेरीत, चंद्रपुरात आपल्याच वस्तीत मी ऐकले आहे, "माडिया लोक मुंग्या खातात, शी!" पुण्यात तव्यावरचे डुक्कर चवीने खाणारा आपलाच पोरगा गावात डुक्कर पाळणाऱ्याच्या घरचे पाणी पीत नाही. ही कसली समता? बाबासाहेबांनी जातीला उतरंड म्हटले ते उगाच नाही. प्रत्येकाला खाली बघायला कोणीतरी मिळते. 16 ऑक्टोबर 1956 ला चंद्रपूरच्या भूमीवर त्यांनी धम्मदीक्षा दिली. त्या जिल्ह्यातली आपण माणसे. ती दीक्षा घेऊन आपण दुसऱ्याच्या चटणीला नाक मुरडत असू, तर आपल्या तोंडी घरमालकिणीविरुद्धची तक्रार शोभत नाही.

काही कार्यकर्ते विचारतील, "शिष्यवृत्त्या अडकल्या आहेत, नोकऱ्या कंत्राटी झाल्या आहेत, आणि तुम्ही खाण्यावर काय लिहिता?" मान्य, त्या लढाया मोठ्या आहेत. 1936 मध्येच बाबासाहेबांनी सांगितले होते की नुसत्या सहभोजनाने जात मरत नाही. मीही पदार्थाच्या फोटोने जात मरेल असे म्हणत नाही. पण ज्या पोरीला आजीची चटणी लपवावी लागते, ती उद्या आडनाव लपवते, परवा बाबासाहेबांचा फोटो भिंतीवरून काढते. लाज एकदा घरात आली की ती एका डब्यापाशी थांबत नाही. आणि महाडचा लढा तरी कशाचा होता? पाण्याच्या एका ओंजळीचा.

तर मग करायचे काय? कोरियन जेवण सोडायचे? मुळीच नाही. उलट घरी करा. मी आणि भाचीने आलापल्लीत केली, ती पद्धत सांगतो. चिनी कोबी इथे मिळत नाही, साधी पत्ताकोबी चालते. किलोभर कोबीचे मोठे तुकडे मूठभर मिठात दोन तास ठेवा, मग दोनदा धुऊन निथळा. तांदळाच्या पिठाची पातळ पेज करून गार करा. त्यात लसूण, आले, जाडसर मिरची आणि कोरियन कोळंबीच्या जागी आपले झिंगे भाजून कुटून घाला. कोरियन मिरची रंगाने लाल आणि तिखटाला बेताची असते. म्हणून भिवापुरी किंवा तेलंगणातून येणारी मिरची निम्मी घ्या आणि रंगासाठी ब्याडगी मिसळा. मुळ्याच्या चकत्या घालून सगळे कोबीला चोळा आणि बरणीत दाबून भरा. वर चार बोटे जागा सोडा, नाहीतर फसफसून बाहेर येईल. आपल्या उन्हाळ्यात एका दिवसात आंबते, मग फ्रिजमध्ये ठेवा. झिंग्यांनी चव बिघडली नाही. भाचीच्या मते पुण्याच्या बरणीपेक्षा उजवी झाली. आणि ही मिरची ना कोरियाची, ना आपली. पोर्तुगीजांची जहाजे निघाल्यावरच ती अमेरिकेतून आशियात आली. शुद्ध संस्कृतीच्या गप्पा मारणाऱ्यांच्या ताटात परदेशी मिरची असतेच.

सोबत भात कोणता? कोरियन भात चिकट असतो. आमच्या घरी एचएमटी शिजतो, तोच घेतला. वाढताना भाचीला विचारले, "हा तांदूळ कोणी शोधला माहीत आहे?" तिला माहीत नव्हते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. आपल्या समाजाचा, थोडीशी जमीन असलेला शेतकरी. शेतातली वेगळी लोंबी हेरून त्यांनी हे वाण निवडले. त्याला नाव मिळाले ते त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचे. दादाजी 3 जून 2018 ला गेले. तांदूळ देशभर पोहोचला, पण ताटावर बसलेल्या किती जणांना त्यांचे नाव ठाऊक आहे? कोरियाने आपल्या कोबीला जगाच्या यादीत नेले. आपण आपल्या तांदळाचा माणूस आपल्याच मुलांना सांगितला नाही.

म्हणून तरुणांना माझे सांगणे सोपे आहे. कोरियन हॉटेलात जा, पण जिंजूच्या बेकजोंगांची गोष्ट टेबलावर मित्रांना सांगा. त्याच मित्रांना एकदा आपल्या खोलीवर बोलवा आणि झिंग्यांची चटणी, सुकट, असेल तर वजडी वाढा, नाव मोठ्याने घेऊन. आजी जिवंत आहे तोवर तिच्याकडून पदार्थ लिहून घ्या आणि तो का खावा लागला हेही लिहा. 14 एप्रिलला, 14 ऑक्टोबरला आपण स्टॉल लावतो, तिथे पुस्तकांशेजारी आपल्या जेवणाचा आणि माडिया बहिणींच्या चटणीचाही एक स्टॉल लागू द्या. वसतिगृहात 'फक्त शाकाहारी' टेबल लागले, तर एकट्याने तोंड फिरवू नका. संघटना करा, लेखी अर्ज द्या.

भाची परवा पुण्याला परत गेली. बॅगेत दोन बरण्या आहेत, एक किमचीची, एक चटणीची. आजीने दोन्हींवर कागद चिकटवून नावे लिहायला लावली. खोलीवर काय होते ते कळेलच. घरमालकीण बोललीच, तर भाची तिला एवढेच विचारणार आहे, की दोन बरण्यांत मासळी एकच असताना वास एकीचाच कसा येतो?

जय भीम!